असोद्यातला दुसरा कप

आधीच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. आमच्या सासूबाई दर अमावास्येला दाराला लिंबू-मिरची बांधतात आणि मी दुसऱ्या दिवशी कॉलेजला निघताना ती काढून कचऱ्यात टाकते. त्यावरून घरात धुसफूस होते ती वेगळीच. तेव्हा हे वाचून कुणी मला 'ताई, तुम्ही मनाने कमकुवत दिसता' असं लिहिणार असेल तर नका लिहू. मी खेळाची बाई आहे. जळगावातल्या एका कॉलेजात फिजिकल एज्युकेशन शिकवते आणि मुलींची हॉकी टीम बघते.

दुसरी गोष्टही सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. कल्पना.

कल्पना आणि मी एकाच टीममध्ये खेळलो. ती सेंटर फॉरवर्ड, मी फुलबॅक. म्हणजे गोल ती मारणार, मी मागे उभी राहून गुडघे फोडून घेणार आणि पेपरात फोटो तिचा येणार... बरं, दिसायला छान, बोलायला गोड. कुणाच्याही घरी गेली की पाच मिनिटांत तिथल्या स्वयंपाकघरात. लग्नानंतर ती धुळ्याला गेली, तिथल्या कॉलेजची कोच झाली. कोरोनात तिचे मिस्टर गेले तेव्हा मी भेटायला गेले, गळ्यात पडून रडलेही. पण खरं सांगू? तिच्याविषयीची माझी जळजळ तेवढ्यानेही गेली नाही. आजूबाजूला सगळे 'कल्पना किती धीराची' म्हणत होते, आणि मला तेही सहन होत नव्हतं.

तर, गेल्या हिवाळ्यात आमच्या प्राचार्यांनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं, "मॅडम, मुलींची हॉकी कुणी बघत नाही. एक मोठी मॅच घ्या, शहरातल्या फुटबॉलच्या मैदानावर घ्या. गॅलरी भरली तर टीम ठेवू. रिकामी राहिली तर पुढच्या वर्षीपासून बंद."

अर्ध्याहून जास्त मुली आसपासच्या गावांतल्या, बऱ्याचशा असोद्याच्या. हॉकी बंद म्हणजे त्यांचं मैदानावर येणंच बंद, मग घरी बसा आणि स्थळं बघा.

मॅच धुळ्याच्या कॉलेजशी ठरली. म्हणजे कल्पनाच्या टीमशी. प्राचार्य लगेच म्हणाले, "मग बॅनरवर कल्पना मॅडमचा फोटो टाका ना! लोक ओळखतात त्यांना." मी टाकला. छोटा टाकला.

मी रिक्षाला भोंगा लावून गावभर फिरवला. मुलींनी रील्स केल्या. कॉलेजच्या ग्रुपवर रोज मेसेज. सगळे अंगठ्याचा इमोजी टाकायचे आणि गप्प बसायचे. शेवटी मी असोद्याला सिंधूअक्कांकडे गेले. आमच्या गोलकीपर पोरीची ही मोठी काकू, केळीची बाग स्वतः बघणारी खमकी बाई.

"अक्का, रिक्षा फिरली ना इकडे? मग याल ना सगळ्या?"

"ते तं भोंगं वरडून गेलं, माय. साड्यांच्या सेलचं बी तसंच वरडते. त्याले का बोलावनं म्हनते का कोनी? दारी ये, कुकू लाव, आवतन दे. मंग पाह्य बाया येते का नाही येत."

मला हसू आलं. हॉकीच्या मॅचला हळदीकुंकवाचं आवतण! पण दुसरा उपायही नव्हता. घरातला चांदीचा करंडा पर्समध्ये टाकला आणि त्या आठवड्यात रोज दुपारी कॉलेज सुटलं की स्कूटी काढून असोदा. एकटी. हे नीट लक्षात ठेवा... मी एकटी जात होते.

घराघरात जाऊन बायकांना कुंकू लावायचं, 'रविवारी आपल्या मुलींची मॅच आहे, यायचं बरं का' म्हणायचं. त्या बसवायच्या, चहा करायच्या. प्रत्येक घरी दोन कप यायचे. मला वाटलं, एक पाहुणीला, एक स्वतःला. पण घरची बाई दुसऱ्या कपाला हात लावायची नाही. निघताना त्या मला कुंकू लावायच्या. मी दारात चपला घालायला वाकले की मागे पुन्हा करंडा उघडल्याचा आवाज यायचा. मी समजले, उंबऱ्याला लावत असतील, इकडची पद्धत असेल. मी मूळची शिरपूरकडची. इथल्या सगळ्या रीती मला कुठे ठाऊक?

त्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी कळलं, कल्पना बाथरूममध्ये घसरून पडली. घोट्याला प्लास्टर, पलंगावरून उठायचं नाही. मी फोनवर 'अरेरे' म्हटलं, आवतणाला असोद्यात फिरतेय तेही सांगितलं. मनात म्हटलं, चला, या वेळी तरी मैदान माझं.

रविवारी मैदानावर चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारून घेतल्या. खाली फुटबॉलच्या जुन्या रेघा दिसत होत्या, त्यावर आमचा 'डी', म्हणजे हॉकीच्या गोलसमोरचा अर्धगोल. फुटबॉलच्या मोठ्या गोलपोस्टच्या आत हॉकीचा छोटा गोल ठेवला. चार वाजत आले तरी पायऱ्यांवर कॉलेजची दहा-पंधरा टवाळ पोरं. प्राचार्य घड्याळ बघत होते.

आणि मग टेम्पो आले. केळी वाहायचे टेम्पो, मागे बायकाच बायका! असोद्याच्या तर होत्याच, त्यांनी माहेरच्या, नणंदेकडच्या, कुठून कुठून बायका आणल्या होत्या. डबे, सतरंज्या, कडेवर लेकरं. सगळी गॅलरी भरली. हॉकी कुणाला कळत नव्हती. चेंडू छोट्या गोलच्या बाहेरून मोठ्या पोस्टमध्ये गेला तरी 'गोऽऽल' म्हणून ओरडत होत्या. मला रडायला यायचं बाकी होतं.

हाफटाइमला फाटकाशी एक गाडी थांबली. आतून कल्पना उतरली. कुबड्या, पायाला प्लास्टर. डॉक्टरांचं न ऐकता धुळ्याहून आली होती, टीमसाठी.

पुढचं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पहिल्या पायरीवरच्या बाया उठल्या आणि माझ्या अंगावरून धावत तिच्याकडे गेल्या.

"आली वं माय! आमी कव्हाची वाट पाहून राह्यलो!"

"पायाले काय झालं? आमच्याकडे आली तव्हा तं चांगली व्हती!"

कल्पना गोंधळून हसत होती. मी एकीला बाजूला घेतलं. "मावशी, तुमच्याकडे आवतणाला मी आले होते."

"हो ना, तू व्हती की संगं," ती म्हणाली. "पन बोलली तं ती ना. कशी ग्वाड बोलते! तिच्यासाठीच तं आलो."

काय वाटलं असेल मला? भूतबित काही डोक्यात आलं नाही. डोक्यात एवढंच आलं की आठवडाभर उन्हात फिरले मी, घसा कोरडा केला मी, आणि श्रेय पुन्हा हिला! पलंगावर पडूनसुद्धा हिलाच! माझं अंग नुसतं पेटलं.

तेवढ्यात सिंधूअक्कांनी कमरेची पिशवी सोडून कुंकवाची डबी काढली आणि बोट कल्पनाच्या कपाळाकडे नेलं. कल्पना मागे सरकली, तिचा चेहरा उतरला. आणि मी बोलले. हळू, पण बोलले. "अक्का, त्यांना नका लावू. त्यांचे मिस्टर नाहीत."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "ठाऊक हाये ना, माय. तिनंच सांगतलं तं. आमच्या ओट्यावर बसेल व्हती, तुह्या बाजूलेच. नको नको म्हने. मीच म्हटलं, पोरी, खेळाचं आवतन द्याले आली तू, उघड्या कपाळानं जाऊ नको." आणि त्यांनी कुंकू लावलं. बाकीच्या बायकांनीही लावलं.

कल्पना मटकन पायरीवर बसली. माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"विद्या, मला वेड लागलंय असं वाटत होतं गं," ती म्हणाली. "आठवडाभर रोज दुपारी डोळा लागायचा आणि उठले की कपाळाला कुंकू. ओलं, बोटानं लावलेलं. सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तर म्हणाल्या, 'हाई कुकू कोनी लायं वं तुले?' मी काय सांगणार? घरात आम्ही दोघीच. मग त्या रोज गपचूप पुसायला लागल्या."

"तू... तू असोद्याला कधी आली होतीस?"

"आयुष्यात नाही. पण पडल्या पडल्या एकच विचार यायचा. तू स्कूटीवरून फिरतेयस, लोक तुला घरात बोलावतायत, चहा देतायत. मला तुझा इतका हेवा वाटायचा, विद्या... मला चार वर्षांत कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. वाटायचं, हिच्याबरोबर मीपण जावं."

माझा हेवा! तिला! शिट्टी वाजली, मुली मैदानात उतरल्या, आणि आम्ही दोघी तशाच हात धरून बसून राहिलो. मॅच आम्ही एका गोलने हरलो. त्याचं मला काही वाटलं नाही, हेही पहिल्यांदाच.

टीम राहिली. मी नंतर सिंधूअक्कांना खोदून खोदून विचारलं. कल्पनाने साडी कोणती नेसली होती, काय बोलली. त्या म्हणाल्या, मरून रंगाचं जॅकेट होतं, पाठीवर नऊ नंबर. आमच्या कॉलेजच्या दिवसांतलं ते जॅकेट. बॅनरवरच्या फोटोत कल्पना साडीत आहे. माझ्या शास्त्राच्या सहकाऱ्यांनी सूचना, भास, सामूहिक अमुक-तमुक सांगून पाहिलं. एका बाईला भास होईल, पण घरोघरच्या बायकांना? आणि धुळ्यातलं कुंकू?

या वर्षी पुन्हा मॅच ठेवली. कल्पनाचा पाय बरा झालाय, ती धुळ्याला मुलींची प्रॅक्टिस घेत होती. मी करंडा घेऊन असोद्याला गेले. सिंधूअक्कांनी चहा आणला. एकच कप.

"अक्का, दुसरा कप?" माझ्या तोंडून निघून गेलं.

अक्कांनी माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "कोनाले? आज तं तू एकटीच आली."

सगळा मान माझ्या एकटीचा होता. मी चहा अर्धाच प्यायले आणि अंगणात येऊन कल्पनाला फोन लावला, म्हटलं, पुढच्या वेळी तू येच.