पाहुण्यांसाठी निवडलेली निरक्षर

आमच्या गावातल्या बायकांना लिहिता-वाचता येत नाही, याची काळजी गावाला कधी वाटली नव्हती. ती सातासमुद्रापलीकडच्या एका संस्थेला लागली. साऱ्या जगाला साक्षर करायचं त्यांनी ठरवलं होतं. ठरवायला काय जातंय? शिकवायला मात्र मी. कडेगाव आणि विट्याच्या मधल्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होते. दिवसा पोरं शिकवायची आणि संध्याकाळी त्यांच्या आज्या, असा हुकूम निघाला.

सुरुवातीला बऱ्याच जणी आल्या. शेतात तण काढायची भांगलणी सुरू झाल्यावर गळाल्या. टिकली एक काकी. नवरा फौजेत होता, वारून बरीच वर्षं झालेली. मुलगा तमिळनाडूत सोनं गाळायच्या दुकानात, सूनही तिकडंच. सून काकींच्या मोबाइलवर मेसेज पाठवायची आणि तो वाचून घ्यायला काकी शेजारी जायच्या.

"माझ्या सुनंला दिवस गेल्यालं मला कळायच्या आदी गल्लीला कळलं, बाई," त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "ही काय जगण्याची रीत हाय?"

काकी रोज यायच्या. स्वर झाले, बाराखडी झाली, जोडाक्षरांशी गाडी अडली. 'मुक्काम' वाचताना त्यांना घाम फुटायचा, पण त्या सोडायच्या नाहीत.

अशात निरोप आला की संस्थेचे पाहुणे आमचा वर्ग बघायला येणार. आदल्या दिवशी तालुक्याचे साहेब हजर. आमचा वर्ग सुरू झाल्यापासून त्यांनी शाळेत पाऊल टाकलं नव्हतं. काकींनी वाचून दाखवलं. साहेबांनी मला बाजूला घेतलं.

"बाई, ह्यांना उद्या मागं बसवा. फार अडखळतात."

"शिकतायत म्हणून अडखळतात, साहेब."

"ते तुम्हाला-मला कळतं हो. पाहुण्यांना निकाल बघायचाय."

निकाल त्यांनी स्वतःच शोधून आणला. गावातल्याच एका पुढाऱ्याची सून, बारावी झालेली. तिला सांगितलं, साडी जुनी नेस, सही सावकाश कर, आणि विचारलं तर म्हण, अंधारातून उजेडात आल्यासारखं वाटतं. ती माझ्याकडं बघून कसनुसं हसली. सासऱ्याचा शब्द, बिचारी नाही कशी म्हणणार?

पाहुणे आले. फेटे झाले, नारळ झाले. एक उंच गोरी बाई सतरंजीवर मांडी घालून बसली आणि तेवढ्यावरच सगळे धन्य झाले. पुढाऱ्याच्या सुनेनं इतक्या सावकाश सही केली, की मला वाटलं पेनातली शाई वाळणार. मग ती उजेडाचं वाक्य बोलली. टाळ्या पडल्या. त्या बाईच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. तेच मला सहन होईना. माणूस एवढ्या लांबून येतो आणि इतकं थोडं बघून समाधानी होतो.

जाता जाता तिनं मागं बसलेल्या काकींना विचारलं, शिकून काय बदललं? दुभाष्यानं मराठीत सांगितलं.

काकी उभ्या राहिल्या. "आवं, अजून काय बी न्हाई बदललं. जोडाक्षर येत न्हाई. काल बाईंनी फळ्यावर लिवल्यालं मी आज गिरवणार हुते, तर ह्या सायबांनी पुसून तितं स्वागत लिवलं. त्यास्नी सांगा, वर्ग बंद करू नगा. मला लय थोडं ऱ्हायलंय."

दुभाष्यानं साहेबांकडं बघितलं, मग इंग्रजीत म्हणाला की ह्या आजी फार आनंदी आहेत आणि तुमचे आभार मानतात. तेवढं इंग्रजी मला कळतं, बोलायला जमत नाही. मी तिथल्या तिथं म्हणाले, "असं नाही म्हणाल्या त्या." माझं मराठी पाहुणीला कळलं नाही. ज्यांना कळलं ते फोटोसाठी उभे राहायला लागले.

महिनाभरात गाव पूर्ण साक्षर झाल्याचं जाहीर झालं आणि वर्ग बंद पडला. साहेबांचा सत्कार झाला म्हणे. मी गेले नाही.

वर्ग बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी काकी नेहमीच्या वेळेला शाळेत आल्या, कुलूप बघितलं आणि तशाच माझ्या खोलीवर आल्या. "आता कुटं शिकायचं?" एवढंच विचारलं. मी चटई टाकली. पावसाळाभर त्या येत राहिल्या. जोडाक्षरं सुटली, मग मोबाइलवर टाइप करणं आलं. त्यात कुणाचा निधी नव्हता आणि कुणाचं ध्येयही नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात साहेबांचा फोन. नवी योजना आली होती, नवे पाहुणे येणार होते. "बाई, गावात चार-दोन निरक्षर बघून ठेवा."

"तुम्हीच जाहीर केलंय साहेब, आमच्यात कुणी उरलं नाही."

"बरं, शेजारच्या गावातून आणू," ते म्हणाले. माणूस हाडाचा निर्लज्ज. माझ्या बोलण्याचा त्याला राग येण्याइतकीही लाज उरली नव्हती.

त्याच सुमारास काकी नातवाला बघायला मुलाकडं गेल्या. चार दिवसांनी मला त्यांचा मेसेज आला. 'बाई मी पोचले. नात्तू गोरा हाय. हित भात लय खात्यात.'

मी तो दोनदा वाचला आणि भाकरी करायला उठले.