मंडपातली मेंढरं

आमच्या गावच्या देवळाचा सभामंडप जुन्या काळचा, कुणा सरदाराने बांधलेला. सागवानी खांब, खांबांवर कोरलेले पोपट, छताला कमळं आणि भिंतींवर रंगवलेली मिरवणूक: हत्ती, पालखी, भालदार. गावातली लग्नं तिथंच लागायची. माझंही तिथंच लागलं. मंगलाष्टकं चालू असताना मी त्या हत्तीकडेच बघत होते. नवऱ्याकडे बघायला पुढं अख्खा जन्म पडला होता.

एका भिंतीवर मात्र देवही नव्हता आणि राजाही नव्हता. एक धनगर आपला कळप घेऊन चालला होता, एवढंच. आप्पा, म्हणजे माझे वडील, रोज संध्याकाळी त्या भिंतीसमोर बसत. दादाच्या शिक्षणासाठी त्यांनी आपली मेंढरं विकली होती आणि वरवंडजवळच्या तुकड्यात ऊस लावला होता. उसात त्यांचा जीव कधी रमला नाही. भिंतीवरच्या मेंढरांतली कुठली हट्टी, कुठली गाभण, हे ते मला समजावून सांगत. मला हसू यायचं, पण ते अगदी गंभीर असत.

दादा कुरकुंभला कंपनीत टेंपररी होता. पर्मनंट झालो तर अख्खा मंडप ऑइलपेंटनं नवा करीन, असा नवस तो बोलला. आमच्याकडे देवावर माया दाटून आली की आधी ऑइलपेंटचा डबाच आठवतो. पुढं ऑर्डर आली आणि दादा निळ्या रंगाचे डबे घेऊन हजर झाला. खांब झाले, पोपट झाले, हत्ती गेला. मला त्याचा भयंकर राग आला होता, पण नवसाच्या आड कोण येणार? गाव तर खूश होतं.

शेवटची, मेंढरांची भिंत आली तेव्हा कुठं दादाच्या ध्यानात आलं. ब्रश तसाच धरून तो आप्पांसमोर उभा राहिला. एवढी भिंत ठेवतो, देवाची माफी मागतो, म्हणाला.

"देवाला बोललेलं फिरवायचं नसतंय," आप्पा म्हणाले आणि त्यांनी त्याच्या हातातला ब्रश मागून घेतला.

धनगर कळपाच्या मागून चालतो. आप्पांनीही मागूनच सुरुवात केली. रेंगाळलेलं कोकरू आधी, मग बाकीची. मेंढरं हाकताना काढतात तसा आवाज ते तोंडानं काढत होते. मला रडू आवरेना. दादा डबा धरून उभा होता, त्याला वर बघवत नव्हतं.

"खरी तुझ्या शाळंपायी दिली, ही तुझ्या नोकरीपायी," भिंत संपल्यावर आप्पा त्याला म्हणाले. "आता माझ्याकडं द्याया काय ऱ्हायलं न्हाई. नीट ऱ्हा."