थेल्मा ब्रुबेकरचा दुसरा अर्ज

ओहायोतल्या कोल्टर गावच्या हायस्कुलात थेल्मा ब्रुबेकर गुणपत्रकांच्या टेबलावर बसायला लागली, तेव्हा मुलं दोन, फार तर तीन कॉलेजांना अर्ज करत. एक जवळचं, एक स्वप्नातलं. थेल्मा गुणपत्रक टाइप करी, पाकीट चिकटवी, वर शाळेचा शिक्का मारी. ऑक्टोबर उलटला की काम संपे आणि ती भोपळ्याचं गोड सारण भरलेल्या पाई भाजायला मोकळी.

पुढे कॉम्प्युटर आले. एकदा भरलेला अर्ज दहा ठिकाणी पाठवता यायला लागला आणि मुलांचा हात सैल सुटला. आधी सात-आठ, मग बारा, मग पंधरा. दारं जास्त ठोठावली की एखादं उघडेलच, असं मुलांना वाटे. आणि सगळेच ठोठावतात म्हणून दारं आणखी घट्ट होत. थेल्माच्या पाई आता डिसेंबरपर्यंत लांबल्या.

त्या वर्षी किर्स्टन ओडेल तेवीस कॉलेजांची यादी घेऊन आली. हुशार पोरगी, पण नखं कुरतडून कुरतडून बोटं लाल झालेली. थेल्माने तिला समोर बसवलं आणि प्रत्येक नावापुढे तिथे का जायचंय ते एका ओळीत लिहायला सांगितलं. किर्स्टनने अर्धा तास पेन्सिल चालवली. चौथ्यापुढे लिहिलं, ‘माहितीपुस्तकावर तळं छान आहे.’ नवव्यापुढे, ‘एमा करतेय.’ चौदाव्यापुढे, ‘त्यांनी टी-शर्ट पाठवला.’ वाचता वाचता थेल्माला हसू आवरेना, आणि मग किर्स्टनलाही. त्या दुपारी यादी सातांवर आली.

जाता जाता किर्स्टनने विचारलं, “तुम्ही किती ठिकाणी केला होता, मिसेस ब्रुबेकर?”

“एकाच.”

“आणि नाही मिळालं?”

“मिळालं ना. पण त्याच उन्हाळ्यात वडील गवताच्या माळ्यावरून पडले. गाईंचं दूध कोण काढणार? म्हणून राहिले.”

तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नव्हतं. माळा, गाई, मग लग्न, दोन मुलगे. दिवस बरे गेले होते. पण किर्स्टन दारातच थांबली. “मग आता करा की,” ती म्हणाली. “गाई तर गेल्या.”

थेल्माने तिला वर्गात पिटाळलं. पण आठवडाभर ते वाक्य तिच्या मागे लागलं. शेवटी तिने जिल्ह्याच्या कॉलेजचा दुपारच्या वर्गांचा फॉर्म मागवला. शाळेच्या तळघरातून स्वतःचं चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचं गुणपत्रक शोधून काढलं. भूमितीत ‘क’ श्रेणी, हे ती सोयीस्करपणे विसरली होती. स्वतःच्या पाकिटावर स्वतः शिक्का मारायचा नाही, हा तिचाच नियम. म्हणून ती मुख्याध्यापक हॅनिगन यांच्याकडे गेली.

हॅनिगननी गुणपत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं. “एकच कॉलेज, थेल्मा? आजकाल इतका मोठा धोका कोणी पत्करत नाही.”

“त्यांनी नाही म्हटलं तर पाई भाजीन,” ती म्हणाली. “शिक्का मारा.”

त्यांनी मारला, आणि तो वाकडा बसला. पुन्हा मारून मागायचा मोह आवरून थेल्माने पाकीट उचललं.

मार्चअखेर किर्स्टनला सातांतली चार कॉलेजं मिळाली. त्यातलं तिने घरापासून दोन तासांवरचं, मातीच्या अभ्यासाचं घेतलं. थेल्माचं पत्र त्याच आठवड्यात आलं. तिने ते कपडे वाळत घालता घालता उघडलं, चिमटा तोंडात तसाच धरून दोनदा वाचलं, आणि कुंपणापलीकडच्या शेजारणीला हाक मारली.

सप्टेंबरात ती इतिहासाच्या वर्गात पहिल्या बाकावर जाऊन बसली. शेजारचा तरुण तिला मॅडम समजून उभा राहिला. तिने त्याला खाली बसवलं आणि त्याच्याकडून एक पेन्सिल मागून घेतली.