पद्मिनीची दुसरी फळी

अमेरिकेतल्या ईडन प्रेरीच्या मराठी मंडळात नवीन कोणी आलं, की पद्मिनी देवस्थळीची ओळख एकाच वाक्यात करून देतात: "त्या हेल्मेटवर बसल्या होत्या ना, त्या ह्याच." नवा माणूस साहजिकच विचारतो, "म्हणजे?" आणि सांगणाऱ्याला हवं तेच होतं.

पद्मिनी मूळची पुण्याची, फिजिओथेरपी शिकलेली. लग्न होऊन अरुणबरोबर मिनेसोटात आली आणि इथल्या नियमांपुढे पुण्याची पदवी कपाटात गेली. दुसरी एखादी नशिबाला दोष देत बसली असती. पद्मिनीने अदितीला, म्हणजे आपल्या मुलीला, पाळणाघरात सोडायचं आणि स्वतः वर्गात जाऊन विशीतल्या मुलांशेजारी बसायचं, असं करत करत नवं शिक्षण पुरं केलं. खेळाडूंच्या दुखापती बघणारी ट्रेनर झाली आणि घरापासून तासाभरावरच्या एका छोट्या कॉलेजात फुटबॉल टीमकडे रुजू झाली. फुटबॉल म्हणजे इथला. अंडाकृती चेंडूचा, चिलखत घालून खेळायचा. त्या दांडगट पोरांच्या घोट्यांना पट्ट्या बांधणं, खांदे शेकणं आणि 'मला काही झालेलं नाही' म्हणणाऱ्याला काय झालंय ते शोधून काढणं, हे तिचं काम. पोरं तिला 'मिस पी' म्हणत आणि जरा टरकूनच असत.

अरुण पहिल्यांदा मॅच बघायला आला तेव्हा बाकावर बसायचंही विसरला.

"अगं, मैदानात खेळतात अकरा आणि काठावर उभे नव्वद! ही टीम आहे की वऱ्हाड?"

"वऱ्हाडच म्हण," पद्मिनी म्हणाली. "फक्त ह्या वऱ्हाडातल्या निम्म्यांना कोणी पान वाढत नाही."

ती थट्टा नव्हती. कोच लुंडग्रेन माणूस सोन्यासारखा, पण त्याचा सगळा जीव पहिल्या फळीत. सगळ्या चाली पहिल्या फळीने घोटायच्या. दुसरी फळी पलीकडच्या मैदानात आपापसात झटापट करायची. तिसरी फळी टाळ्या वाजवायची. पहिल्या फळीतला कोणी लंगडला, की कोच पद्मिनीला एवढंच विचारायचा, "उभा राहील ना?"

दोन हजार पाचच्या शेवटच्या मॅचला ह्या प्रश्नाची किंमत कळली. क्वार्टरबॅकचा, म्हणजे ज्याच्या हातून प्रत्येक चाल सुरू होते त्या मुलाचा, घोटा मुरगळला. त्याच्या जागी ओवेन गेला. पहिल्याच वर्षाचा, शेतकऱ्याघरचा, अबोल मुलगा. चाल सुरू होताना ब्रायन नावाचा धिप्पाड गडी दोन पायांमधून चेंडू मागे देतो आणि क्वार्टरबॅकने तो झेलायचा असतो. पण ब्रायन पहिल्या फळीतला, ओवेन दुसऱ्या. दोघांनी एकत्र सराव म्हणून कधी केलेलाच नव्हता. चेंडू लागोपाठ दोनदा हातांमधून निसटला. गर्दीने हुर्यो उडवली. कोचने वैतागून पद्मिनीकडे पाहिलं, "तो घोटेवाला उभा राहील ना?" उभा राहण्यापुरता घोटा ठीक होता, तेव्हा ती "राहील" म्हणाली. तो उभा राहिला, त्या घोट्यावर पळता आलं नाही, आणि अंगावर आलेल्या पहिल्या धडकेत गुडघा गेला. मॅचही गेली.

हिवाळाभर पद्मिनी कोचच्या मागे लागली. दुसऱ्या फळीला तयार करा, म्हणजे दुखावलेल्याला बसवता येईल. कोचचं ठरलेलं उत्तर, "त्या ओवेनला पाहिलंस ना तू? त्याच्यावर वेळ घालवून काय होणार?" लोक ओवेनकडे बोट दाखवत होते आणि ओवेन दिवसेंदिवस आणखी अबोल होत होता.

पुढच्या सप्टेंबरात मंडळाच्या गणपतीची मिरवणूक होती. मिरवणूक म्हणजे शाळेचं पार्किंग लॉट आणि त्याला एक वळसा. पण ढोल खरे, पुण्याहून मागवलेले. पद्मिनी शाळेपासून पथकात वाजवत आलेली, त्यामुळे इथल्या पथकाला तालीम देण्याचं काम आपसूक तिच्याकडे आलं होतं. तिने कोचला आणि त्याच्या बायकोला जेवायला म्हणून बोलावलं आणि मिरवणुकीसमोर खुर्च्या टाकून बसवलं.

ढोल कमरेला बांधून वाजवायचा म्हणजे खेळ नव्हे. थोड्या वेळात हात भरून येतात. मग दमलेल्याच्या शेजारी दुसरा येऊन उभा राहतो. एकाच्या कमरेची गाठ सुटते, दुसऱ्याची आवळली जाते, आणि तेवढा वेळ दोन्ही बाजूंचे गडी जरा चढवून वाजवतात. डोळे मिटून ऐकणाऱ्याला काही बदललं हे कळतसुद्धा नाही.

"आई," अदिती कानाशी येऊन म्हणाली, "लुक, कोच इज टॅपिंग हिज फूट!"

पाय तर हलत होताच, पण कोचचे डोळे त्या गाठींवर होते. मोदक हातात घेऊन तो तसाच पद्मिनीकडे आला.

"तुम्ही वाजवणाऱ्यांना सगळ्यात जास्त काय शिकवता?"

"वाजवायला सगळेच शिकतात, कोच. आम्ही बदलायला शिकवतो."

"आणि ते शेजारचे दोघं?"

"तेच तर सगळं आहे. नवा माणूस ओळखीच्या माणसांमध्ये उभा राहिला पाहिजे. आपला ओवेन गेल्या वर्षी परक्यांच्या घरात शिरल्यासारखा उभा होता. चेंडू त्याच्या एकट्याच्या हातून पडला नाही. त्याची आणि ब्रायनची तोंडओळखच नव्हती."

कोचने मोदकाचा एक घास घेतला. मग मोदक संपवून म्हणाला, "ह्यात नारळ आहे ना?" पद्मिनीला वाटलं, गेलं पाण्यात. पण सोमवारी सरावाला गेली तर पलीकडचं मैदान रिकामं! दोन्ही फळ्या सरमिसळ करून उभ्या केलेल्या. ब्रायनच्या मागे ओवेन. चाल चालू असताना मध्येच कोच शिट्टी मारून ओरडायचा, "बदला!" की एक आत, एक बाहेर, आणि पुन्हा तीच चाल. पहिल्या फळीतली पोरं कुरकुरली. नवा क्वार्टरबॅक डेरेक, देखणा, बोलका, सगळ्या गावाचा लाडका, तो तर म्हणाला, "मिस पी, तुमचा ढोल आम्हाला महागात पडला."

"तुझा हात दुखतोय ना? मग बस थोडा वेळ. दुसरा आहे."

"तेच तर म्हणतोय," डेरेक हसला. "आता दुखतंय म्हणायची सोय राहिली नाही!"

झालं मात्र उलटंच. बसलं तर जागा जाईल ही भीती हळूहळू सरली, कारण बसलेला पुन्हा उठून खेळतोय हे सगळे रोज बघत होते. पोरं दुखणं आपण होऊन सांगायला लागली. पद्मिनीच्या खोलीपुढे रांग लागली आणि मैदानात लंगडणारे कमी झाले.

नोव्हेंबरात शेवटची मॅच आली. जिंकणाऱ्याला विभागाचं विजेतेपद. हवा अशी, की श्वास समोर लोंबकळत राहावा. खेळ संपत आलेला, आपली टीम चार गुणांनी मागे, चेंडू आपल्याकडे, आणि डेरेकला जबरदस्त धडक बसली. पडला, लगेच उठला, अंगठा वर केला. गर्दीने टाळ्या वाजवल्या. पद्मिनीने एवढंच पाहिलं, की तो चालत निघालाय तो समोरच्या टीमच्या बाकाकडे.

तिने धावत जाऊन त्याला दंडाला धरून आणलं, बाकावर बसवलं.

"मी ठीक आहे, मिस पी."

"छान. महिने उलटे म्हण. डिसेंबरपासून."

"डिसेंबर, नोव्हेंबर..." तो थांबला. गोड हसला. "आपण जिंकतोय ना?"

तिने त्याच्या मांडीवरचं हेल्मेट उचललं. हेल्मेटशिवाय मैदानात पाऊल टाकता येत नाही, आणि बाकावर नुसतं ठेवलं तर तापलेली पोरं नजर चुकवून ते घालून पळतात, हे तिला पक्कं माहीत होतं. लपवायला जागा नव्हती. तिने ते बाकावर पालथं ठेवलं, कोट सारखा केला आणि वर बैठक मारली.

कोच धावत आला. "त्याचं हेल्मेट कुठे आहे?"

"माझ्याखाली."

"पद्मिनी, शेवटच्या चाली आहेत! उभा राहील ना तो?"

"उभा राहील. पण मी त्याला पाठवणार नाही."

"वर्षभराची मेहनत आहे ही!"

"हो ना, वर्षभराचीच," ती म्हणाली. आवाज तिने चढवला नाही. गेल्या वर्षीचा गुडघा तिच्या डोळ्यांसमोर होता, आणि हे तर डोकं होतं. "ती कशासाठी केली, कोच? ढोल बदला."

कोचने फलकावर उरलेला वेळ पाहिला. त्याने मान वळवली. ओवेन आधीच हेल्मेट बांधून मैदानाच्या कडेला उभा होता, आणि पलीकडून ब्रायन त्याला हातानेच खुणावत होता, ये, ये लवकर. कोणी बोलावण्याची वाट न बघता दोघं एकमेकांना सापडले होते.

"जा," कोच म्हणाला.

पुढचं अरुण चांगलं सांगतो, कारण तो वर प्रेक्षकांत बसून बघत होता. पहिला चेंडू ओवेनच्या हातात असा बसला, जसा घरचाच. दोन छोटे पास. मग डाव्या बाजूचा एक गडी लंगडत बाहेर आला, त्याच्या जागी दुसरा गेला, आणि शेजारच्या दोघांनी जरा पुढे सरकून त्याला सांभाळून घेतलं. गर्दीत कोणाला पत्ताही लागला नाही. अरुणला लागला, कारण गणपतीच्या मिरवणुकीत त्याने ढोलाची ती गाठ आवळताना पाहिली होती.

पद्मिनीने ह्यातलं काही पाहिलं नाही. मैदानाकडे पाठ करून ती डेरेकच्या बुबुळांकडे बघत होती.

"कोण खेळतंय?" डेरेकने विचारलं.

"ओवेन."

"अरे वा." मग जरा वेळाने, "कोण खेळतंय?"

"ओवेन, बाळा."

"ओवेन? चांगला आहे तो." प्रत्येक वेळी त्याला तेवढाच आनंद होत होता.

तिच्या पाठीमागे गर्दीचा आवाज एकदम फुटला. बाक हादरला. कोणीतरी तिच्या खांद्यावरून उडी मारून मैदानात पळालं. कोच दोन्ही हात वर करून कुठेतरी धावत होता.

"काय झालं?" डेरेक म्हणाला.

"मला काय माहीत? मी तुझ्याकडे बघतेय. तूच वाच तो फलक आणि सांग."

डेरेकने डोळे बारीक केले. सावकाश, एकेक आकडा जुळवत, आधी पाहुण्यांचे गुण वाचले, मग आपले. पद्मिनीने तेव्हा कुठे मान वळवून फलक पाहिला. त्याने बरोबर वाचले होते.

"जिंकलो," तो म्हणाला. "मग आता तरी द्या माझं हेल्मेट."

"डॉक्टर बघतील, मग मी बघेन, मग देईन," पद्मिनी म्हणाली. डॉक्टर गर्दीतून वाट काढत येईपर्यंत ती तशीच बसून राहिली.