आवळा, तुळस, अश्वगंधा

वैशाखातल्या दुपारी आमच्या पोल्ट्रीतले पक्षी चोची उघडून धापा टाकायचे. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितल्यापासून मी त्यांच्या खाद्यात आवळा, तुळस आणि अश्वगंधेची पूड घालत होते, उन्हाचा त्रास कमी होतो म्हणून. ती कालवायचं काम शालनबाईंचं. आठ वर्षं त्या आमच्याकडे होत्या. एका दुपारी पाटी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "ताई, डोकं गरगरतंय."

"तेवढं खाद्य टाकून घ्या, मग बसा," मी म्हणाले.

खाद्य टाकून व्हायच्या आतच त्या तापलेल्या पत्र्याखाली कोसळल्या.

कोंबडीने चोच उघडली की मला लांबूनही कळायचं. शालनबाई तर माझ्याशी बोलल्या होत्या. पण कामावरच्या माणसाचं दुखणं आपल्याला सबबीसारखं ऐकू येतं. मुक्या पक्ष्याचं मात्र लगेच समजतं, कारण तो मेला तर नुकसान आपलं असतं.

तिसऱ्या दिवशी मी सरकारी दवाखान्यात गेले. सलाईन चालू होतं. उशाशी बसलेली त्यांची मुलगी माझ्याकडे न बघता उठून बाहेर गेली. शालनबाईंनी हळू आवाजात विचारलं, "पक्षी दगावले का हो, ताई?"

"एकही नाही," मी सांगितलं, आणि माझ्या आवाजातलं समाधान मलाच ऐकू आलं.