थेंबमास्तरांची सहा मिनिटं

इंजिनाखालचा बोल्ट सोडला की तेल आधी धारेनं येतं, आणि धारेपाशी सगळेच उभे राहतात. मग धार बारीक होते, तुटते, थेंबांवर येते. आणि एकेक जण हात पुसत निघून जातो. पण सज्जनहो, त्या थेंबांपाशी एक माणूस पंचवीस वर्षं उभा राहिला. एक थेंब पडल्यावर तो मनात वीस अंक मोजी. वीस होण्याआधी दुसरा थेंब पडला, तर पुन्हा एकपासून. वीस झाले, थेंब आला नाही, की मगच बोल्ट जागेवर. म्हणून सगळे त्याला थेंबमास्तर म्हणत.

कारखाना महागड्या गाड्यांचा. पुढे काचेची खोली, मऊ खुर्च्या, कॉफीचं यंत्र. मागे पांढऱ्या फरशीवर पाच रॅम्प. तिसरा रॅम्प मास्तरांचा, दुसरा मिस्त्रीकाम करणाऱ्या एका मॅडमचा. चौथ्या रॅम्पवर 'दाढी' या नावानंच ओळखला जाणारा एक मिस्त्री होता. त्याची जीभ त्याच्या पान्यापेक्षा जास्त चाले.

"काय मास्तर, गाडीला सलाईन लावलंय का?" तो विचारी.

"तू गप्प बसलास तर पेशंट लवकर बरा होईल," मास्तर वर न बघता म्हणत.

आता कुणी म्हणेल, गाडी नवी कोरी, घराएवढ्या किमतीची, आणि ती तेल पिते? पिते. या गाड्यांचं तेल पातळ असतं आणि दट्ट्यावरच्या, म्हणजे पिस्टनवरच्या, कड्या बारीक असतात. इंजिन हलकं पळावं, इंधन कमी लागावं, म्हणून ही सगळी योजना. थोडं तेल त्या कड्यांना चुकवून वर जातं आणि जळतं. किती जळलं तर चालेल, याची हद्द कंपनीनं घातलेली: हजार किलोमीटरला पाचशे ग्रॅम. त्याच्या आत असेल तर गाडी निरोगी. बाहेर गेली तर इंजिन उघडायचं.

पण हे मोजायचं कसं? गाडीला तेल बघायची पट्टीसुद्धा नसते, पडद्यावर एक चित्र तेवढं दिसतं. म्हणून जुनं तेल पूर्ण काढायचं, नवं तोलून घालायचं, झाकणाला आणि बोल्टला पिवळा रंग लावून ते बंद करायचे, म्हणजे मध्ये कुणी उघडलं तर कळावं, आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, हजार किलोमीटर चालवून आणा. आली की तेल काढायचं, तोलायचं. जेवढं कमी भरलं तेवढं जळलं. त्या कागदावर सही मास्तरांची आणि शिक्काही मास्तरांचा. तो शिक्का त्या कारखान्यात एकाच माणसाकडे होता.

एके दिवशी भुलीच्या डॉक्टरीणबाई त्यांच्या रॅम्पपाशी येऊन उभ्या राहिल्या. शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याला भूल द्यायची, हे त्यांचं काम. चार गावांतली चार रुग्णालयं त्यांच्यावर अवलंबून. बोलावणं आलं की गाडी काढायची. महिन्यापूर्वी मास्तरांनीच त्यांच्या गाडीची चाचणी घेऊन सही केली होती. तीनशे ऐंशी ग्रॅम जळलं, गाडी निरोगी.

"मास्तर, तेलाचा पिवळा दिवा परत लागला," बाई म्हणाल्या. "ही वही बघा. सातशे किलोमीटर झाले की अर्धा लिटर घालावं लागतं. मी औषधांच्या पेटीशेजारी तेलाचा डबा घेऊन फिरते. परवा आडरस्त्यात दिवा लागला, डबा रिकामा. टेबलावर एक अडलेली बाई माझी वाट बघत होती. कशी पोहोचले ते मलाच ठाऊक."

"बाई, चाचणी झालीय तुमची."

"झालीय ना. मग माझी वही चुकते की तुमचा काटा?"

मास्तरांचा पारा चढला. "काटा चुकत नाही, बाई. थांबा, कागदच दाखवतो."

ते कपाटापाशी गेले. कागद काढला. घातलेलं तेल पाच हजार आठशे ग्रॅम, निघालेलं पाच हजार चारशे वीस. वजाबाकी बरोबर. मग त्यांची नजर वरच्या चौकटीवर गेली. पहिल्या दिवशी जुनं तेल काढलं त्या वेळा. बोल्ट काढला: अकरा चाळीस. बोल्ट लावला: अकरा सेहेचाळीस.

सहा मिनिटं.

मास्तरांची वेळ पंचवीस मिनिटांखाली कधी गेली नव्हती. मग त्या दिवशी सहा का? आठवलं, आणि कानशिलं तापली. त्या दिवशी पावणेबाराला काचेच्या खोलीत त्यांचा सत्कार होता. पंचवीस वर्षांबद्दल घड्याळ, फुलांचा गुच्छ, फोटो. फोटोवाला घाई करत होता, आणि मास्तरांनीही घाई केली. धार तुटली, थेंब सुरू झाले, आणि वीस न मोजता त्यांनी बोल्ट आवळला. मग ते हात धुऊन गेले, आणि साहेबांचं भाषण ऐकत उभे राहिले. भाषणाचा विषय होता मास्तरांचा संयम.

पाहा, माणूस कुठे घसरतो! ज्या गुणाचा हार गळ्यात पडायचा, तो गुणच हारापायी दाराबाहेर उभा.

हिशोब सरळ होता. पहिल्या दिवशी तीन-साडेतीनशे ग्रॅम जुनं तेल इंजिनातच राहिलं. त्यावर नवं पडलं. हजार किलोमीटरनंतर मात्र मास्तरांनी शेवटच्या थेंबापर्यंत वाट पाहिली, आणि ते राहिलेलं जुनं तेलही काट्यावर आलं. म्हणून जळालेलं तेल कमी दिसलं. आजारी गाडीला त्यांच्याच हातानं निरोगीपणाचा शिक्का मिळाला होता.

"सापडला का कागद?" बाईंनी विचारलं.

"उद्या या बाई," मास्तर एवढंच म्हणाले. कपाट लावलं, आणि पुढे त्यांच्याच्यानं मान वर करवली नाही.

संध्याकाळी घरी ताट समोर तसंच. बायको शिवणकाम करणारी. समोर बसून बाहीची शिवण उसवत होती.

"अहो, भाताकडे असं का बघताय? त्यानं काय केलंय तुमचं?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. मग म्हणाले, "दीड वर्ष राहिलंय निवृत्तीला. हे बोललो तर शिक्का जाईल. शिक्का गेला की तिथे माझी ओळख काय?"

"माझ्याकडून कापड चुकीचं कापलं गेलं, तर तुमचंच अंग वाढलंय असं मी गिऱ्हाइकाला सांगते का?"

"सांगतेस की. मागच्या महिन्यात त्या कोपऱ्यावरच्या बाईंना."

"त्यांचं खरंच वाढलं होतं!" ती फणकारली. मग हातातली बाही खाली ठेवून म्हणाली, "जेवा. उद्या बोलायला ताकद लागेल."

बोलणार की नाही, हे तिनं विचारलंच नाही. संसारात असा एक विश्वास असतो. तो देवानंच घरात आणून ठेवलेला असतो, आपण फक्त त्याला जागायचं.

सकाळी मास्तर साहेबांच्या केबिनमध्ये गेले. कागद टेबलावर ठेवला, सहा मिनिटांवर बोट ठेवलं. साहेबांनी दार लावून घेतलं.

"मास्तर, हे अजून कुणाला बोललात?"

"बायकोला."

"बरं. मग तिथेच राहू द्या. कंपनीला कळलं तर तुमच्या मागच्या सगळ्या चाचण्या उकरून काढतील. दीड वर्ष आहे तुमचं. शांत बसा ना."

"बसायचंच असेल तर घरी बसेन, साहेब."

"शिक्का जाईल, सांगून ठेवतो."

"जाऊ दे. गाडी बाईंची आहे. आडरस्त्यात बंद पडली तर शिक्का उतरून धक्का मारणार नाही." मास्तरांनी खिशातून शिक्का काढून टेबलावर ठेवला. "चाचणी पुन्हा घेऊ. हात माझे, डोळे दुसऱ्या रॅम्पवरच्या मॅडमचे, सही त्यांची. कंपनीला फोन तुम्ही करता की मी करू?"

साहेबांनी शिक्क्याकडे पाहिलं, आणि फोन उचलला.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. मास्तरांनी आडवळण घेतलं नाही.

"बाई, वही बरोबर आहे. काटाही बरोबर आहे. मी चुकलो. माझा सत्कार होता, त्यासाठी मी थेंब सोडून गेलो."

बाईंनी हातातली वही मिटली. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "मास्तर, भूल दिल्यावर रोगी जागा होईपर्यंत मी खुर्ची सोडत नाही. सत्काराला बोलावलं तरी."

त्या शब्दांना आवाज नव्हता, पण लागायचे तिथे लागले. मास्तरांनी पाना उचलला. ते म्हणाले, "बरोबर आहे. आज नाही सोडणार."

त्यांनी इंजिन तापवलं, गाडी वर घेतली, बोल्ट काढला. मॅडम घड्याळ घेऊन बाजूला. धार आली, तुटली, थेंब लागले. दाढीनं शेजारून तोंड उघडलं, आणि मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहून ते तसंच मिटलं. एकतीस मिनिटं झाली, तेव्हा बोल्ट लागला. नवं तेल मॅडमनी स्वतः तोललं, पाच हजार आठशे. पिवळा रंग लागला.

चार गावांच्या फेऱ्यांत हजार किलोमीटर नऊ दिवसांत भरले. दहाव्या दिवशी गाडी रॅम्पवर आली, तेव्हा साहेबसुद्धा मागे येऊन उभे राहिले. पुन्हा तोच बोल्ट, तीच वाट. भांडं काट्यावर चढलं. मॅडमनी आकडा मोठ्यानं वाचला.

"पाच हजार ऐंशी."

सातशे वीस ग्रॅम गायब! हद्दीच्या दोनशे वीस पलीकडे. मॅडमनी सही केली, त्यांनीच शिक्का मारला. मास्तरांनी स्वतःच्या जुन्या कागदावर आडवी रेघ ओढली, खाली लिहिलं, 'चाचणी रद्द, चूक माझी', आणि तारीख घातली.

कंपनीचं उत्तर दोन दिवसांत आलं. इंजिन उघडा. शिक्का मॅडमकडेच राहील. आणि मास्तरांच्या गेल्या वर्षभरातल्या सगळ्या चाचण्यांच्या वेळा तपासा. त्या तपासल्या. पंचवीस मिनिटांखाली दुसरी एकही सापडली नाही. तरी शिक्का परत मिळाला नाही, आणि मास्तरांनी मागितलाही नाही.

इंजिन त्यांनीच उघडलं. तिसरा दट्ट्या बाहेर काढून कापडावर ठेवला आणि डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतलं.

"ही खालची कडी बघा. तेल खरवडून खाली लोटणं हिचं काम. ही सुटी फिरायला हवी." त्यांनी नखानं ती ढकलली. कडी जळक्या तेलाच्या काळ्या थरात रुतून बसली होती, तसूभरही हलली नाही. "हीच पीत होती."

बाईंनी चष्मा वर सरकवून वाकून पाहिलं, मग स्वतःच्या बोटानं कडी ढकलून पाहिली. बोट काळं झालं. "तीन महिने मला सगळे सांगत होते, तुम्ही गाडी जोरात चालवता."

"मी सही करून सांगितलं, बाई. ते त्यांच्याहून वाईट."

बाईंनी दाढीनं पुढे केलेल्या फडक्याला बोट पुसलं, पिशवी खांद्याला लावली.

"सोमवारपर्यंत मिळेल का गाडी?"

"नाही," मास्तर म्हणाले. "सगळे दट्टे नवे, सगळ्या कड्या नव्या. बुधवार लागेल."

"सोमवारी मला दोन शस्त्रक्रिया आहेत, मास्तर."

"तुमच्यासाठी दुसरी गाडी साहेबांकडून मागून ठेवलीय, चालकासकट. सोमवारी सकाळी दारात येईल. पण ही बुधवारीच."

पहिल्यांदाच बाई हसल्या. "बरं. बुधवार."

मास्तरांनी मान हलवली आणि चौथा दट्ट्या काढायला घेतला.