शनिवारचा नाउन

१९७४ च्या मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी, नागपूरच्या महाल भागातल्या इंग्रजीच्या शिकवणीत मी फळ्यावर एक शब्द लिहिला. त्याच दुपारी एका माणसाची खोली गेली.

शिकवणी किराणा दुकानाच्या माडीवर भरे. आम्ही चौदा जण होतो, सगळे पदवीधर, सगळे बँकेच्या कारकुनी परीक्षेला बसणारे. सर शाळेतून निवृत्त झालेले. विशेषणांच्या क्रमावर त्यांचा भर होता: आधी मत, मग आकार, वय, रंग, शेवटी मूळ, त्यानंतर नाम. हा क्रम पाठ व्हावा म्हणून दर शनिवारी एक जण फळ्याजवळ उभा राही. त्याला 'नाउन' म्हणत. बाकीचे उठून त्याच्याविषयी एकेक विशेषण लिहीत. नाउनने मध्ये बोलायचे नाही. शेवटी पूर्ण वाक्य मोठ्याने वाचायचे आणि क्रम बरोबर आहे की चूक ते सांगायचे.

त्या शनिवारी उभा होता तो कुहीच्या पलीकडच्या एका खेड्यातला. वय सत्तावीस. वयाच्या अटीमुळे ही त्याची शेवटची परीक्षा होती. ती आठ दिवसांनी, रविवारी सकाळी नऊला होती आणि त्याच्या गावची पहिली बस साडेदहाला नागपूरला पोचे. म्हणून त्याने दोन महिन्यांसाठी महालात खोली घेतली होती. घरमालकाने जात विचारली तेव्हा त्याने खोटी सांगितली होती. त्याचे कुटुंब छप्पन साली बौद्ध झाले होते. मला हे माहीत होते, कारण परीक्षेचे अर्ज आम्ही पोस्टात शेजारी बसून भरले होते. तेव्हा अर्जावर हात ठेवून तो म्हणाला होता, "वर्गात बोलू नको गा. मालकाचा भाचा आपल्यातच आहे. खोली जाईन माही."

पहिल्याने 'स्लो' लिहिले. दुसऱ्याने 'शॉर्ट'. तिसऱ्याने 'ओल्ड' लिहिले तेव्हा मागून कोणी म्हणाले, "परीक्षा कायले देतं गा, पेन्शनचा अर्ज भर." भाच्याने 'ब्लॅक' लिहिले. "खडू पांढरा आहे सर, तेवढं समजून घ्या." वर्ग हसला. तोही हसला.

मूळ राहिले. सरांनी मला उठवले. गावावरून काही लिहिता आले असते. आदल्या दिवशीच्या सराव पेपरात त्याला माझ्यापेक्षा सात गुण जास्त होते. मी 'बुद्धिस्ट' लिहिले. त्यापुढे सरांनी 'क्लार्क' लिहिले.

"वाच," सर म्हणाले.

तो वाचेना.

"वाच ना," सर पुन्हा म्हणाले. "मनाले काहून लावून घेऊन राहिला? ग्रामर आहे हे."

त्याने वाचले, "ही इज अ स्लो, शॉर्ट, ओल्ड, ब्लॅक, बुद्धिस्ट क्लार्क."

"क्रम?"

"करेक्ट, सर."

खाली बसता बसता भाचा म्हणाला, "मामाले सांगा लागते."

दुपारी मी सायकलने त्या गल्लीतून गेलो. त्याची ट्रंक आणि स्टोव्ह रस्त्यावर होते. मालकीणबाई खोली धूत होत्या. शहरात त्याच्या ओळखीचे दुसरे कोणी नव्हते. तो गावी गेला. उरलेला आठवडा शिकवणीला आला नाही. पुढच्या नाउनच्या वेळी फळ्याजवळ भाचा उभा होता. त्याला 'हँडसम' मिळाले.

परीक्षेच्या दिवशी नऊला फाटक बंद झाले. माझे बाक खिडकीशी होते. पावणेअकराला तो हॉलतिकीट घेऊन फाटकाशी आला. शिपायाने मान हलवली. पेपर सुटेपर्यंत तो तिथेच उभा होता.

मी बाहेर आलो तेव्हा तो म्हणाला, "कालची सांजची गाडी आलीच नाही." मग विचारले, "विशेषणांचा आला होता का?"

"आला होता. दोन मार्कांचा."

परतीची बस एक वाजता होती. तो तिच्यात बसला.